चराच्या काठाने जाणारा रस्ता

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात सफोक शहराच्या दक्षिणेला ‘डेझर्ट रोड’ नावाचा एक रस्ता आहे. डेझर्ट म्हणजे वाळवंट, हे आपण सगळे शाळेत शिकलो. हा रस्ता मात्र त्या देशाच्या पूर्व किनाऱ्यावरील एका मोठ्या दलदलीकडे नेतो. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा आणखी एक अर्थ होता, निर्जन जागा. वसाहत करायला आलेल्या गोऱ्यांनी या दलदलीला त्या अर्थाने डेझर्ट म्हटले. पुढे नकाशावर ‘ग्रेट डिस्मल स्वॉम्प’ हे नाव पक्के झाले. डिस्मल म्हणजे भकास, उदासवाणे. दोन्ही नावे एकच गोष्ट सांगतात की, इथे कोणी राहत नाही आणि राहावे असे इथे काही नाही.

ही गोष्ट खोटी आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून १८६०च्या दशकातील यादवी युद्धापर्यंत या दलदलीत माणसे राहत होती. आधी गोऱ्यांनी हुसकावलेले मूळ रहिवासी, मग तंबाखूच्या मळ्यांवरून पळून आलेले आफ्रिकी गुलाम. अभ्यासक त्यांची संख्या हजारांत मोजतात. काही जण तिथेच जन्मले आणि तिथेच वारले. त्यांनी गोरा मालक पाहिलाच नसेल. आज या जागेला सरकारी भाषेत ‘वन्यजीव आश्रयस्थान’ म्हणतात. १९७४ साली अमेरिकी संसदेने तसा कायदा केला. अस्वलांना, पाणमांजरांना आणि पक्ष्यांना तिथे कायद्याची पनाह आहे आणि ती असलीच पाहिजे. पण त्यांच्या आधी तिथे पनाह घेतलेल्या माणसांना कोणत्याही कायद्याचे कवच नव्हते. उलट त्यांना पकडून आणणाऱ्याला बक्षीस होते. या आश्रयस्थानातून गाडी चालवताना हा हिशेब डोक्यात असला पाहिजे, असे माझे मत आहे. तो का, हे सांगण्यासाठी हा लेख.

माझा भाचा नॉरफोकला नोकरी करतो. एप्रिलच्या अखेरीस मी त्याच्याकडे होतो, तेव्हा आम्ही दोघे गेलो. डेझर्ट रोडवरून ‘रेलरोड डिच’ नावाच्या फाटकातून आत शिरायचे आणि ‘लेक ड्रमंड’ या तलावापर्यंत जायचे. अंतर साधारण ६ मैल म्हणजे दहा किलोमीटर. पुणे-सातारा करणाऱ्याला हे अंतर म्हणजे काहीच नाही. इथे ते संपता संपत नाही. रस्ता खडी-मातीचा. एक-दोन वळणे सोडली तर पट्टी ठेवून आखल्यासारखा सरळ. दोन्ही अंगांना झाडी इतकी दाट की चार पावलांपलीकडचे दिसत नाही आणि बाजूने सतत सोबत करणारा एक चर. त्यात काळे पाणी आणि पाण्यात आडव्या पडलेल्या ओंडक्यांवर ऊन खात बसलेली कासवे. गाडी जवळ आली की ती एकेक करून टपाटप पाण्यात उड्या घेतात. वाटेत समोरून एकच गाडी आली. ती जाऊ द्यायला आम्हाला इतके कडेला व्हावे लागले की, माझ्या बाजूचे दार उघडले असते तर मी थेट चरात गेलो असतो.

भाचा म्हणाला, “मामू, एवढा श्रीमंत देश. दहा किलोमीटर डांबर टाकायला यांचे काय जाते?”

त्याच्या प्रश्नाकडे मी पुढे येतो. आधी त्या चराबद्दल.

दलदलीत रस्ता बांधता येत नाही. जमीन म्हणजे पीट, शेकडो पिढ्यांचा पालापाचोळा पाण्याखाली अर्धवट कुजून झालेली काळी, भुसभुशीत माती. काही ठिकाणी तिचा थर पुरुषभर खोल आहे. मग काय करतात? लांबलचक चर खणायचा आणि निघालेली माती एका काठावर टाकत जायची. पाणी चरात उतरते, माती सुकते, बसते, वर खडी पडते. झाला रस्ता. म्हणजे रस्ता आणि चर ही एकाच कामाची दोन तोंडे आहेत. एकाने पाणी बाहेर नेले, दुसऱ्याने कुऱ्हाडी आत आणल्या. या दलदलीत असे दीडशे मैलांच्या आसपास चर आहेत. बरेचसे पुढच्या काळातल्या लाकूड कंपन्यांनी केले. ‘रेलरोड डिच’ हे नावही लाकूड वाहणाऱ्या छोट्या रेल्वेच्या काळाची आठवण आहे. पण ही पद्धत त्यांच्या आधीची. तिच्या सुरुवातीला जे नाव आहे ते अमेरिकेच्या नोटेवरही आहे.

१७६३ साली जॉर्ज वॉशिंग्टन ही दलदल पाहायला आला. तेव्हा तो राष्ट्राध्यक्ष नव्हता, तिशीतला एक जमीनदार होता. त्याने आणि त्याच्या भागीदारांनी कंपनी काढली. दलदलीचे पाणी काढून टाकायचे, जमीन शेतीखाली आणायची, लाकूड विकायचे, असा बेत होता. भांडवलात पैशाबरोबर माणसेही होती. प्रत्येक भागीदाराने कामासाठी आपले गुलाम पाठवायचे, असे ठरले होते. त्या गुलामांनी कमरेइतक्या पाण्यात, डास आणि सापांमध्ये उभे राहून पश्चिम काठापासून तलावापर्यंत साडेचार मैलांच्या आसपास चर खणला. शेतीचा बेत फसला. चर राहिला. आज त्याच्या काठाने पायी किंवा सायकलवरून जाता येते. नकाशावर त्याचे नाव आहे ‘वॉशिंग्टन डिच’.

पुढे १७९३मध्ये दलदलीच्या पूर्वेला बोटींचा कालवा खणायला घेतला. २२ मैलांचे ते काम १८०५मध्ये खुले झाले. तेही हातांनी आणि तेही गुलामांच्या. त्या कालव्यातून आजही बोटी जातात. त्यावर बोटी चालवणाऱ्यांत मोझेस ग्रँडी नावाचा एक गुलाम होता. मिळकतीतला ठरलेला वाटा मालकाला द्यायचा आणि उरलेल्यातून स्वतःला विकत घ्यायचे, असा त्याचा सौदा होता. त्याने ६०० डॉलर भरले. मालकाने पैसे ठेवून घेतले आणि त्याला दुसऱ्याला विकले. त्या दुसऱ्यालाही त्याने ६०० भरले. त्यानेही तेच केले. तिसऱ्या वेळी ६५० भरले तेव्हा कुठे तो सुटला. एका माणसाने स्वतःच्या एकाच देहासाठी १,८५० डॉलर मोजले. ही हकीकत १८४३ साली लंडनमध्ये पुस्तकरूपाने छापली गेली आणि ती त्याने स्वतः सांगितलेली आहे. संधिवाताने पाय धरले होते तेव्हा याच तलावाकाठी झोपडी करून तो बरा झाला, हेही त्यात आहे. माझे गुडघेही त्याच वर्गातले असल्याने हा तपशील माझ्या लक्षात राहिला.

आता चराच्या नावाचा प्रश्न. दख्खनच्या माणसाला इथे मलिक अंबर आठवल्याशिवाय राहत नाही. १६१९च्या ऑगस्टमध्ये व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर पॉइंट कम्फर्टला विसांहून थोडे अधिक आफ्रिकी गुलाम उतरवले गेले. इंग्रजांच्या त्या वसाहतीतली ही पहिली नोंद. ती जागा या दलदलीपासून गाडीने तासाभरावर आहे. त्याच साली आपल्याकडे एक हबशी निजामशाहीचा कारभार हाकत होता आणि मुघलांच्या फौजांना गनिमी काव्याने जेरीस आणत होता. तोही लहानपणी विकला गेलेला, अनेक हात बदलत अहमदनगरला पोहोचलेला. त्याने खडकी वसवली, जिचे पुढे औरंगाबाद झाले, आणि शहराला पाणी आणण्यासाठी भूमिगत नहर बांधवली. चारशे वर्षांनंतरही लोक तिला नहर-ए-अंबरीच म्हणतात. म्हणजे एका भूमीत गुलाम म्हणून आलेल्या माणसाचे नाव नहरीला लागले आणि दुसऱ्या भूमीत गुलामांनी खणलेल्या चराला मालकाचे. याचा अर्थ आपल्याकडची गुलामगिरी गोड होती, असा कोणी काढू नये. नहर-ए-अंबरी खणणाऱ्या मजुरांची नावे आपल्यालाही सांगता येत नाहीत. फरक एवढाच की, आपल्याकडे वर चढण्याची एक अरुंद का होईना शिडी होती. व्हर्जिनियात कायद्यानेच ती काढून घेतली. आई गुलाम तर मूल गुलाम, हा कायदा तिथे १६६२ सालीच झाला.

ज्याला वर चढायला शिडी नाही त्याने काय करायचे? पळायचे. कुठे? उत्तरेकडे शेकडो मैल, किंवा मग जवळच्या दलदलीत, जिथे घोडा येत नाही आणि कुत्र्यांना पाण्यात माग लागत नाही. या लोकांना इंग्रजीत ‘मरून’ म्हणतात. मूळ स्पॅनिश शब्दाचा अर्थ रानात पळून गेलेले जनावर. मराठीत लिहिताना मी हा शब्द टाळतो. आपल्या लिपीत तो भलताच अर्थ सांगतो आणि ही माणसे तर जगण्यासाठी पळालेली होती.

दलदलीत मधूनमधून उंच, कोरड्या जमिनीची बेटे आहेत. अमेरिकन युनिव्हर्सिटीचे पुरातत्त्वज्ञ डॅनियल सेयर्स यांनी या शतकाच्या सुरुवातीपासून अशा बेटांवर उत्खनन केले. त्यावर २०१४ साली त्यांचे पुस्तक आले. त्यांना काय सापडले? महाल नाहीत, नाणी नाहीत. लाकडी खांबांच्या जागा दाखवणारे मातीतले डाग, शेकोट्यांच्या खुणा, मातीच्या चिलमींचे तुकडे आणि नखाएवढ्या दगडी कपच्या. दलदलीत दगड नाही. म्हणून या लोकांनी हजारो वर्षांपूर्वीच्या मूळ रहिवाशांनी टाकलेली दगडी हत्यारे शोधून काढली, पुन्हा धार लावली आणि झिजून कपची होईपर्यंत वापरली. बाहेरची वस्तू जितकी कमी, तितका माग कमी. काठाजवळ राहणारे काही जण मात्र लाकूडतोडीवर पाठवलेल्या गुलामांशी गुपचूप व्यवहार करत. छपराच्या लाकडी फळ्या तासून द्यायच्या, बदल्यात धान्य आणि कापड घ्यायचे. ज्या कंपन्या दलदल पोखरत होत्या त्यांच्याच कामाच्या फटीत हे लोक तगून राहिले. जगणे असेच गुंतागुंतीचे असते. आपल्याला त्यातून सरळ वीरकथा हवी असते, ती इथे मिळत नाही.

मुस्लीम वाचकांसाठी आणखी एक नाव सांगितले पाहिजे, कारण या गुलामांत मुसलमानही होते. आजच्या सेनेगलमधील फूता तोरो प्रदेशातला उमर इब्न सईद हा शिकलेला आलिम १८०७ साली पकडून चार्ल्सटनला विकला गेला. क्रूर मालकापासून तो पळाला आणि १८१०मध्ये नॉर्थ कॅरोलिनातील फेएटव्हिलला पकडला गेला. तुरुंगाच्या भिंतींवर त्याने अरबीत मजकूर लिहिला आणि पाहायला गर्दी जमली. १८३१ साली त्याने अरबीत आत्मचरित्र लिहिले. सुरुवात सूरह मुल्कने, म्हणजे सारी सत्ता आणि मालकी अल्लाहची, हे सांगणाऱ्या सूरहने. ज्याच्यावर दुसऱ्याची मालकी आहे असा माणूस पहिल्या पानावर मालकीचाच प्रश्न काढतो. मालकांना अरबी येत नव्हती. ते हस्तलिखित आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. उमर या दलदलीत नव्हता, त्याचे गाव तिथून दूर होते. पण त्याच राज्यात, त्याच काळात, लिहिता येणारा एक माणूस सापडला म्हणून आपल्याला एक आतला आवाज ऐकू येतो. दलदलीतल्या हजारोंचे सांगणे दगडाच्या कपच्यांवर येऊन थांबते.

तलावाकडे जाताना वाटेत लाकडी छपराचा एक उघडा मंडप आहे. ‘अंडरग्राउंड रेलरोड’ची म्हणजे गुलामांना निसटून जायला मदत करणाऱ्या गुप्त जाळ्याची माहिती तिथे फलकांवर लावली आहे. ही चांगली गोष्ट आहे. आम्ही तिथे उतरलो, वाचले. जंगलात, डासांच्या गुणगुणीत उभे राहून ते वाचण्यात जे कळते ते शहरातल्या वातानुकूलित संग्रहालयात कळत नाही. दहा मिनिटांत मानेवर गांधी उठल्या. इथे कोणी दहा वर्षे काढली, कोणी जन्म काढला.

मग तलाव. साधारण ३,१०० एकर पसरलेला आणि खोली कुठेही माणसाच्या उंचीपेक्षा फारशी जास्त नाही. पाणी बिनदुधाच्या चहासारखे. झाडांच्या सालींतून उतरलेल्या टॅनिनचा तो रंग. हे पाणी लवकर खराब होत नाही म्हणून पूर्वी जहाजांवर पिंपे भरून नेत. काठाजवळ पाण्यातच उभे असलेले सायप्रस वृक्ष, बुंधे घंटेसारखे फुगलेले. तलावाला ड्रमंडचे नाव आहे. हा विल्यम ड्रमंड कॅरोलिनाचा पहिला गव्हर्नर, ज्याला १६७७ साली बंडखोर ठरवून फासावर दिले. बंडखोर गव्हर्नर असला तर त्याच्या नावाचा तलाव होतो.

तर आता डांबर. भाच्याचा प्रश्न मूर्खपणाचा नाही. हा रस्ता नसता तर माझ्यासारख्या माणसाने तलाव पाहिला नसता. म्हाताऱ्यांनी, अपंगांनी, कडेवर मूल असलेल्या बायांनी अशा जागा पाहूच नयेत, असे म्हणणारे निसर्गप्रेमी मला पटत नाहीत. रस्ता असावा. पण तो असाच असावा, खडीचा, अरुंद, गाडीला रांगायला लावणारा. त्याचे कारण सौंदर्य नाही, आग आहे.

२००८च्या जूनमध्ये वादळात पडलेली झाडे हलवताना एका यंत्राने इथे पेट घेतला. आग झाडांना लागून विझली असती तर ठीक होते. ती जमिनीला लागली. चरांनी दोन-अडीच शतके पाणी उपसून वरचे पीट सुकवले होते आणि सुकलेले पीट म्हणजे जळण. आग १२१ दिवस धुमसत राहिली. २०११मध्ये वीज पडली आणि पुन्हा तेच, १११ दिवस. मध्ये आयरीन चक्रीवादळाचा पाऊस कोसळून गेला, तरी ती विझली नाही. काही ठिकाणी जमीनच कित्येक फूट खाली गेली. ज्या मातीत त्या माणसांच्या कपच्या आणि शेकोट्या दडल्या आहेत, तीच माती. आता चरांवर जागोजाग फळ्यांची दारे बसवून पाणी अडवतात, दलदल पुन्हा भिजवतात. दीडशे मैल चर खणून जे केले ते दारे लावून हळूहळू परतवण्याचे हे काम आहे. अशा वेळी रस्ता रुंद करणे, पक्का करणे, वाहतूक वाढवणे म्हणजे पुन्हा जुन्याच बाजूला उभे राहणे. भाच्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “मग खड्डे तरी बुजवा.” एवढी सवलत मी दिली.

आणि माझी दुसरी मागणी नावांची आहे. या परिसराला राष्ट्रीय वारसा क्षेत्राचा दर्जा देता येईल का, याचा अभ्यास करायला अमेरिकी संसदेने मंजुरी दिली आहे. वॉशिंग्टनचे नाव पुसा, असे मी म्हणत नाही. पुसापुशीचे राजकारण आपण आपल्या गावांच्या आणि रस्त्यांच्या बाबतीत पुरेसे पाहिले आहे. पुसल्याने इतिहास वाढत नाही, एक पाटी जाऊन दुसरी येते. मला पाटीखाली आणखी एक पाटी हवी आहे. साधन उपलब्ध आहे. दलदलीतल्या फरारींना पकडण्यासाठी नॉर्थ कॅरोलिनाच्या विधिमंडळाने १८४७ साली खास कायदा केला. दलदलीत कामाला नेलेल्या प्रत्येक गुलामाची नोंद न्यायालयात करायची, म्हणजे नोंद नसलेला तो फरारी. दलदलीला लागून असलेल्या गेट्स काउंटीत ही वही १८६१पर्यंत लिहिली गेली. तिच्यात गुलामाचे नाव, मालकाचे नाव, वय, उंची, रंग आणि अंगावरचे व्रण अशा नोंदी आहेत. कारकुनाने ओळख पटावी म्हणून व्रण लिहिले. लिहिण्यामागचा हेतू वाईट होता, पण नावे खरी आहेत. ती वही जपलेली आहे आणि तिच्यातील नोंदी छापूनही झाल्या आहेत. रेलरोड डिचच्या फाटकापासून तलावापर्यंत ६ मैल आहेत. गाडी तशीही रांगत जाते. वाटेवर थोड्याथोड्या अंतराने त्या वहीतले एकेक नाव लावायला जागा भरपूर आहे.